वर्तणूक : सालस

ओतूरचे गुगळे भाऊसाहेब. माझी आरती सलग तिसरं वर्ष एकाच शाळेत शिकते आहे ती यांच्यामुळे, म्हणून नाव आधी लिहिते. काय झालं ते मागाहून. माझी नववीत शाळा सुटली, लिहायची सवय नाही. काही मागं-पुढं झालं तर सांभाळून घ्या, पण नाव राहून जायला नको.

मदनलाल गुगळे हे आमच्या शाळेचे कारकून. कारकुनाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. घराणं जैन, पणजोबा राजस्थानातून आले आणि ओतूरच्या पेठेत कापडाचं दुकान टाकून बसले. आता घरात मराठीच. दुकान धाकटा भाऊ बघायचा. यांना दुकानाचं कधी वेड नव्हतं. कुणी "गुगळेशेठ" अशी हाक मारली की म्हणायचे, "शेठ पेठेत बसलाय. हितं भाऊसाहेब आहे."

मी मूळची डिंभ्याची. आमच्याकडे एसटी आली तर आली, म्हणून पाचवीपासून मला ओतूरला मामाकडे ठेवलं होतं. मामाचं पंक्चरचं दुकान स्टँडसमोर, त्यामुळे भाऊसाहेब मला शाळेतही दिसायचे आणि शाळेबाहेरही. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट. ओतूरसारख्या कांद्याच्या गावात राहून या माणसाने जन्मात कांदा खाल्ला नव्हता. दाखल्याला आलेले बाप पिशवीतून कांदे आणायचे. भाऊसाहेब पिशवी परत त्यांच्या हातात द्यायचे. "माझ्या घरात हे चालत नाही, आणि ऑफिसात तर मुळीच चालत नाही."

जैनांचं पर्युषण पर्व संपलं की दुसऱ्या दिवशी ते प्रत्येक वर्गात यायचे, दारातच उभे राहायचे आणि हात जोडायचे. "वर्षभरात माझ्याकडून कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा." आम्ही पोरं एकमेकांकडे बघायचो. एवढा मोठा माणूस आपल्याला हात जोडतो म्हटल्यावर करायचं काय? एका वर्षी मागच्या बाकावरचा एक जण उभा राहिला. "भाऊसाहेब, तुमी कशापायी माफी मागता वो? तुमच्या सायकलीची हवा आमीच सोडली व्हती." भाऊसाहेबांनी मान डोलावली. "असं व्हय! तरी म्हटलं, दर मंगळवारीच कशी जाते. मग आता तूही माग." सगळा वर्ग हसला, आणि त्या पोराने खरंच हात जोडले.

पण त्यांचं खरं वेड शब्दांचं होतं. तेही सगळ्या शब्दांचं नाही. माणूस चांगला आहे हे सांगणारे जेवढे शब्द असतील तेवढे त्यांना पाहिजे असायचे. खिशात एक छोटी वही असायची. कोण कुठला शब्द कसा वापरतो, तो कुठून आला असेल, हे त्यात लिहायचे. एसटीच्या कंडक्टरला विचारायचे, मेंढरं घेऊन उतरलेल्या धनगराला थांबवून विचारायचे, बाजारात पानं विकणाऱ्या तांबोळ्याला विचारायचे. "पाणीदार माणूस म्हणता ना तुम्ही? ते पाणी कसलं? विहिरीचं का तलवारीचं?" धनगर म्हणायचा, "आता मला काय ठावं राव? माज्या बानं म्हटलं, मी म्हणतो." तेवढंही ते लिहून घ्यायचे.

या वेडाची मुळं शाळा सोडल्याच्या दाखल्यात होती. ज्यांनी तो कागद पाहिला असेल त्यांना माहीत असेल, त्यात एक रकाना असतो, 'वर्तणूक'. त्यात सगळीकडे 'चांगली' लिहितात. सगळ्यांच्याच दाखल्यावर, डोळे मिटून. भाऊसाहेबांना ते पटत नसे. यावरून त्यांचं आणि मोठ्या सरांचं चांगलंच वाजलं होतं. ऑफिसच्या दाराशी पाण्याचा नळ होता, तिथं उभं राहून मी ते ऐकलं.

मोठे सर म्हणाले, "अहो गुगळे, एक शब्द लिहायचाय. 'चांगली' लिहा आणि मोकळे व्हा."

"सर, चहा चांगला, रस्ता चांगला, हवा चांगली आणि पोरगंही चांगलं? मग त्या पोराचं त्याच्याजवळ काय राहिलं?"

"त्याचं काय राहायचंय? दाखला आहे तो, मानपत्र नाही."

भाऊसाहेबांनी हातातला दाखला खाली ठेवला. मग म्हणाले, "दहावी होऊन जातात त्यांना मी 'चांगली' लिहितो. त्यांच्या हातात मार्कलिस्ट असते. पण जे पोरगं मधेच सोडून जातं, त्याच्याजवळ या कागदाशिवाय शाळेचं काहीच राहत नाही. त्याला एक शब्द तरी त्याचा स्वतःचा द्यावा असं मला वाटतं."

मोठ्या सरांनी कपाळाला हात लावला. "करा काय करायचं ते. उद्या कुठं नडलं तर मला बोलवू नका."

तेव्हापासून मधेच शाळा सोडणाऱ्या प्रत्येकासाठी भाऊसाहेब शब्द शोधायला लागले. वर्गशिक्षकांना विचारायचे, शिपायाला विचारायचे, स्वतः दोन दिवस विचार करायचे. लोकांना दाखला तिथल्या तिथं पाहिजे असायचा आणि हे म्हणायचे, "परवा या, शब्द सापडला नाही अजून."

सगळ्यांना ते आवडत होतं असं नाही. एकदा एक बाप तावातावाने ऑफिसात आला. त्याच्या पोराच्या दाखल्यावर 'कष्टाळू' लिहिलं होतं.

"भाऊसाहेब, ह्ये काय लिवलंय तुमी?"

"कष्टाळू. पोरगा कामाला वाघ आहे तुमचा. वाईट काय आहे?"

"वाईट काय? कंपनीत नेऊन दावला कागद. सायेब म्हनला, बरं झालं, ह्याला पोती उचलायला लावा. माजं पोरगं मशिनीवर बसणार व्हतं! तुमच्या एका शब्दापायी हमाल झालं ना वो!"

भाऊसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "माझं चुकलं. शब्द खरा आहे, पण तो वाचणारा कोण असेल याचा विचार मी केला नाही." दाखला दुरुस्त करायचा तर रजिस्टरही दुरुस्त करावं लागतं, त्याला वरून परवानगी लागते. ते त्याच आठवड्यात स्वतः जुन्नरला जाऊन परवानगी घेऊन आले. 'कष्टाळू'च्या जागी 'हुन्नरी' आलं. बाप शांत झाला. जाताना म्हणाला, "ह्यो कुठला शब्द?" भाऊसाहेब म्हणाले, "हुनर म्हणजे हातातली कला. मशिनीवरच बसवतील आता." कंपनीच्या साहेबाने खरंच बसवलं की नाही, मला माहीत नाही. भाऊसाहेबांनी मात्र वहीत 'कष्टाळू'पुढे लिहून ठेवलं होतं: 'जपून.'

स्टँडवर वाढदिवसाचे फ्लेक्स लागायचे तेव्हाची मजा तर मी मामाच्या दुकानातून रोज पाहायची. भाऊसाहेब शाळेत जाता जाता सायकल थांबवून प्रत्येक फ्लेक्स वाचायचे. मग वही काढून एखाद्या शब्दावर काट मारायचे. मामा विचारायचा, "काय वो भाऊसाहेब, आज कोण गेलं?"

"'निष्ठावंत' गेला."

"आरं देवा! कालच 'दिलदार' गेला व्हता की."

"काय करणार? ज्याने निष्ठा विकली तोच स्वतःच्या फोटोखाली छापून घेतो. आता हा शब्द मी कुठल्या पोराला देऊ?" त्यांची पारख अशीच होती. जो शब्द लबाड माणूस स्वतःसाठी बिनदिक्कत वापरतो तो संपला. मग मामाकडे बघून म्हणायचे, "एक अजून शिल्लक आहे. 'सालस'. सालस नेता, सालस दादा, असं कुणी लावलेलं पाहिलंय का?" मामाने आठवून पाहिलं. "न्हाई बुवा. सालस म्हटल्यावर त्याला मत कोण देईल?" दोघेही खूप हसले होते. त्या हसण्यातला तो शब्द माझ्याच कागदावर येईल, हे तेव्हा मला काय ठाऊक?

नववीत आई आजारी पडली आणि मला डिंभ्याला परत जावं लागलं. धाकटी भावंडं होती, घर बघायला कुणी नव्हतं. दाखला न्यायला गेले तेव्हा भाऊसाहेबांनी मला समोर बसवलं. विद्यार्थिनीला खुर्चीवर बसवणारे तेवढेच एक. 'प्रगती'च्या रकान्यात 'बरी' लिहिलं. वर्तणुकीशी आले आणि थांबले. मला वाटलं, आता 'परवा ये' म्हणतील, आणि आमची एसटी तर बारालाच होती. पण त्यांनी लगेच लिहिलं, 'सालस.'

मी विचारलं, "म्हणजे काय, भाऊसाहेब?"

"भली. सरळ. कुणाला न दुखवणारी. असं लोक म्हणतात. पण शब्द कुठून आला, मुळात काय होता, ते मला पुरतं माहीत नाही. कळलं की कळवीन."

"मला कशापायी दिलात?"

"तेही तेव्हाच सांगेन. तुझी गाडी चुकेल."

कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी आले. पुढं लग्न झालं. नवरा विजेचे टॉवर उभे करणाऱ्या टोळीत. लाईन जिथं जाईल तिथं बिऱ्हाड. वर्धा झालं, यवतमाळ झालं, गडचिरोली झालं. आरतीने चौथीपर्यंत चार शाळा बदलल्या. प्रत्येक शाळेत ती पहिला महिना बोलायचीच नाही. चौथ्या शाळेत बाईंनी मला बोलावून सांगितलं, मुलीचं लक्ष उडालंय, हिला एका जागी ठेवा, नाहीतर सुटेल शाळा. 'सुटेल' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. सुटते कशी ते मला माहीत होतं.

तेवढ्यात चंद्रपूरला एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघरात मदतनीस पाहिजे असल्याचं कळलं. काम करणाऱ्या बाईची मुलगी तिथंच राहून शिकू शकते, असा त्यांचा नियम होता. मला बाकी काही नको होतं. मी तो जुना कागद घेऊन गेले.

तिथल्या अधीक्षक मॅडम कडक, पण वाईट नव्हत्या. कागद उलटासुलटा करून पाहिला. "बाई, शाळेच्या दाखल्यावर 'चांगली' असते, फार तर 'समाधानकारक'. हे 'सालस' तर लग्नाच्या जाहिरातीत लिहितात जी. कोणती शाळा असं लिहिते? खरं सांगा, हा घरी केला ना?"

मी 'नाही' म्हटलं. खरं असूनही माझा चेहरा चोरासारखा होतो, लहानपणापासूनच. मॅडम म्हणाल्या, "इथं ऐंशी मुली राहतात. उद्या काही झालं तर मलाच विचारतील. सोमवारपर्यंत शाळेचं काहीतरी आणा, नाहीतर दुसरी बाई घेते."

शाळेत फोन लावला. नवे भाऊसाहेब चांगले बोलले. म्हणाले, डुप्लिकेट काढून देतो, कॉम्प्युटरमधून 'चांगली' आपोआप येतं. मला हायसं वाटलं, आणि मग लक्षात आलं: एकाच मुलीचे दोन दाखले, दोन्हींवर दोन शब्द. मग तर मॅडमची खात्रीच पटेल. शेवटी शाळेच्या शिपायाने गुगळे भाऊसाहेबांचा नंबर दिला. ते केव्हाच निवृत्त झाले होते.

मी नाव सांगितलं, डिंभ्याची मंदा. पलीकडून पहिलं वाक्य आलं ते असं: "सालस! अगं, त्याचा माग लागला मला. कळवायचं राहूनच गेलं, पत्ता नव्हता तुझा." मी रडायलाच लागले. मग सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पुन्हा तेच केलं मी. वाचणारा कोण असेल ते पाहिलं नाही. सोमवार म्हणालीस ना? मी येतो."

मला वाटलं, कुरियरने काहीतरी पाठवतील. सोमवारी सकाळी वसतिगृहाच्या फाटकाशी ते स्वतः उभे! पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस, ओतूर ते चंद्रपूर, हातात डबा आणि उकळलेल्या पाण्याची बाटली. शर्ट तोच पांढरा, फक्त आत माणूस अर्धा राहिला होता.

मॅडमच्या टेबलावर त्यांनी जनरल रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स ठेवली, आत्ताच्या मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याची. माझ्या नावापुढे 'सालस' होतं. वर-खाली कुठं 'हुन्नरी', कुठं 'मनमिळाऊ', मधेमधे 'चांगली'. बाकी सगळ्या नावांवर कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या.

"या पट्ट्या कशाच्या?" मॅडमनी विचारलं.

"दुसऱ्यांच्या लेकरांचं आपण कशाला उघडं करायचं?"

मॅडमनी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली. "बसा ना जी. हस्ताक्षर तुमचंच आहे, कळलं. पण मला एक सांगा, सालसच का?"

भाऊसाहेबांनी वही काढली. जुन्नरला एक म्हातारे उर्दूचे मास्तर होते, त्यांच्याकडे ते दोन पावसाळे जात होते. मास्तरांचं म्हणणं असं की हा शब्द अरबीतून आला, सालिस. त्याचा अर्थ तिसरा. दोघांच्या भांडणात जो दोघांचाही नसतो, मधे उभा राहतो आणि दोघंही ज्याचं ऐकतात, तो तिसरा. मग हळूहळू असा माणूस जसा असावा लागतो, तसा स्वभाव म्हणजे सालस. "दुसरंही मत आहे," त्यांनी पान उलटलं. "सलीस म्हणजे सोपं, सुरळीत, त्यावरून आला असेल. मी दोन्ही लिहून ठेवलीत. नक्की कुठलं, हे सांगणारा मी कोण?"

"आणि हिने कोणाचं भांडण सोडवलं?"

"आमच्या ऑफिसच्या दाराशी नळ होता. पेठेतल्या मुली आणि वाडीच्या मुली पाण्यावरून रोज भांडायच्या. ही ना पेठेतली, ना वाडीची, डिंभ्याची. एक दिवस ही नळाला हात लावून उभी राहिली. एक बाटली यांची, एक त्यांची. सगळ्यांच्या भरून झाल्या आणि घंटा झाली. हिची रिकामीच राहिली. वर्गात उशिरा गेली म्हणून अंगठे धरून उभी केली. पण कुणाचं नाव सांगितलं नाही. मी खिडकीतून पाहत होतो."

मला हे आठवत होतं, पण असं नाही. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. गप्प बसले असते तर काम झालं होतं. पण भाऊसाहेब एवढ्या लांबून आलेले, त्यांच्यासमोर कसं गप्प बसू? मी म्हटलं, "मॅडम, तसं नव्हतं. मी दोन्हीकडच्या मुलींना भीत होते. माझी बाटली आधी भरून घेतली असती तर एक बाजू चिडली असती. म्हणून मागं राहिले. आणि नावं भीतीनेच सांगितली नाहीत."

बोलून बसले आणि वाटलं, घालवलं मी आरतीचं.

भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "भीत होतीस ते मला दिसत होतं. पाय लटपटत होते तुझे. पण भिऊन लांब गेलेल्या दहा-बारा होत्या. भिऊन मधे उभी राहिलेली तू एकटी."

मॅडमनी दाखला परत एकदा वाचला. मग म्हणाल्या, "बाईला मी घेते. पण तपासणीला येणाऱ्यांना मी अरबी कुठून सांगू? फाइलीला 'चांगली' लागते, आजोबा. ते तुम्ही लिहून द्या."

मला वाटलं, आता हे नाही म्हणणार. सगळी नोकरी ज्या शब्दाशी भांडण्यात गेली तोच. त्यांनी पेन काढलं, टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. मग सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वर्तणूक चांगली. सालस हा शब्द अधिक नेमका वाटल्याने तेव्हा तो लिहिला होता.' खाली सही. मॅडमनी वाचलं, हसल्या आणि फाइलीला लावलं. म्हणाल्या, "हरले नाही म्हणा ना जी तुम्ही." भाऊसाहेब म्हणाले, "अर्धा हरलो. तेवढं चालतं."

संध्याकाळी आरती आणि मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. सूर्य बुडायच्या आत त्यांचं जेवण व्हायला पाहिजे, म्हणून बाकावर बसून ते डब्यातले खाकरे खात होते. दर दोन घासांनी मान वर करून उन्हाचा अंदाज घेत होते. आरती पहिला महिना कुणाशी बोलत नाही, पण त्या दिवशी ती त्यांच्याजवळ सरकून बसली. "आजोबा, माझ्या दाखल्यावर तुम्ही कोणता शब्द लिहिला असता?"

त्यांनी खाकरा अर्धा मोडून तिला दिला. "तू मधून शाळा सोडणारच नाहीस. मग मला शोधायला कशाला लावतेस?"

गाडी आली. डब्यात चढल्यावर खिडकीशी दिसले ते एवढेच: शेजारच्या माणसाला काहीतरी विचारत होते आणि खिशात वही चाचपत होते. त्यांचं आमच्याकडे बघायचं राहूनच गेलं.

आता त्यांना नीट दिसत नाही, असं मामा सांगतो. अशा पंधरा-सोळा वह्या आहेत, पेन्सिलीच्या, पुसट झालेल्या, आणि घरात त्या कुणाला वाचता येत नाहीत. भाऊसाहेब, तुमचं अक्षर मला लागतं, तो दाखला किती वर्षं वाचलाय. आरतीची दहावी होऊ द्या. ती सुट्टी लागली की आम्ही दोघी ओतूरला येऊ. तुम्ही बोला, आम्ही लिहू. सगळ्या वह्या शाईने, नव्या कागदावर उतरवून देईन. काट मारलेले शब्दसुद्धा.